एक थेंबसुद्धा नाही!

...नाही हो, पीत नाही मी! तुम्हाला म्हणून सांगतो, एक थेंबसुद्धा नाही! पण लिव्हरचा आजार म्हटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात, मग हळूच हुंगतात. आणि मी पडलो फर्निचरला पॉलिश मारणारा माणूस, दिवसभर स्पिरिटमध्ये लाखेचा चपडा विरघळवायचा, कापसाचा बोळा बुडवायचा आणि कपाटं घासत बसायची, मग अंगाला काय मोगऱ्याचा वास येणार? शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या, म्हटलं, काकू, लिव्हर बिघडलंय. काकू दोन पायऱ्या मागे! "अगंबाई, तरीच! आणि अजून सोडली नाहीस?" अहो, धरलीच नाही तर सोडू काय!

आजार वेगळाच आहे हो. शरीरात रोगाशी लढायला शिपाई असतात ना, ते माझे शिपाई माझ्याच लिव्हरवर तुटून पडलेत. कुंपणानेच शेत खाल्लं, आता फिर्याद न्यायची कुणाकडे? लिव्हरच्या डॉक्टरांनी त्यांना आवरायला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. शिपाई आवरले की नाही देव जाणे, मला मात्र मोकाट सोडलं! भूक तर अशी, की पॉलिश करता करता टेबलाकडेसुद्धा प्रेमाने बघायला लागलो. तोंडाचा भोपळा झाला. झोप उडाली. आणि ही बडबड... ही गोळीच बोलतेय बरं का, मी मुळात घुमा माणूस! डॉक्टर म्हणाले, "महिन्याने रक्त तपासू. आकडे उतरले तर गोळ्या कमी करू, नाहीतर वाढवाव्या लागतील." वाढवाव्या! अजून! मग तुम्हाला इथून घरी कोण सोडणार?

आणि त्यात उगवले आमचे साडू. साडूंना स्वतःला कधी शिंकही आलेली नाही, पण औषधं सगळ्यांची पाठ. "होमिओपॅथी घे! मुळापासून जातं! आणि त्या मोठ्या गोळ्या आधी बंद कर, दोन्ही घेतल्यास तर गुण कशाने आला ते कळणार कसं?" अहो साडू, गुण येऊ तर द्या, सत्कार कुणाचा करायचा ते मागाहून बघू! पण खोटं कशाला बोलू, आरशात तो भोपळा बघितला की माझंही मन डळमळायचं. बायकोने ते ओळखलं. ती मला घेऊन थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "सोबत घ्यायचं तर घ्या, पण माझ्या गोळ्या सोडायच्या नाहीत, काढे नकोत, पातळ औषधं नकोत, आणि काय देतात ते मला सांगायचं. बरं, दारू?" मी ताठ मानेने म्हटलं, "एक थेंबसुद्धा नाही!" डॉक्टरांनी नाकाने एक दीर्घ श्वास घेतला... आणि खिडकी उघडली. खिडकी!

मग होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाई. तुम्ही गेलायत कधी? अहो, लग्न ठरवताना माझी एवढी चौकशी झाली नव्हती! कुठल्या कुशीवर झोपता? पाय पांघरुणात की बाहेर? ढग गडगडले की कसं वाटतं? मी तोंड उघडायचं, उत्तर बायकोने द्यायचं. "डाव्या कुशीवर. पाय बाहेर. उशी माझी." बाई म्हणाल्या, "चिडचिड होते का?" "अजिबात नाही!!" मी ओरडलो. बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "भीती कशाची वाटते?" मी म्हटलं, पालीची. आता बायको काहीतरी भर घालणार म्हणून मी थांबलो, तर ती खाली बघत म्हणाली, "भीती मला वाटते. पहाटे कुठे ह्यांचा डोळा लागतो, तेव्हा मी ह्यांच्या छातीवर हात ठेवून बघते."

...महिन्याभरात मी तेव्हा पहिल्यांदा गप्प बसलो. रडू आलं हो. एवढा भोपळा, आणि रडतोय!

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लिव्हर मी बरं करीन असं म्हणणार नाही. ते काम त्या मोठ्या गोळ्यांचं. झोप नि चिडचिड यांना उपयोग होतो का बघू. आणि त्या गोळ्या सोडल्यात तर माझ्याकडेही फिरकू नका!" सोबत आलेल्या साडूंचं तोंड एवढंसं झालं. जाता जाता बाई म्हणाल्या, "ह्या गोड गोळ्यांना उग्र वास लागू देऊ नका हं." बायकोने वळून माझ्याकडे बघितलं. संपलं! घरातला उग्र वास म्हणजे कोण? मी!

तेव्हापासून माझ्या औषधाजवळ जायला मलाच बंदी! बाटली आतल्या कपाटात, मी उंबऱ्याबाहेर. बायको हात लांब करून बुचातून गोळ्या ओतणार, "आ करा! मोठा! श्वास सोडू नका इकडे!" आणि मी डोळे मिटून चिमणीच्या पिलासारखा उभा. एकदा डोळे उघडले तर समोर काकू! जिन्यातून बघतायत, हात कपाळाला. "अरे देवा, आता हीच पाजायला लागली!" अहो काकू, एक थेंबसुद्धा... गेल्या!

शेवटी रिपोर्ट आला. बायकोने उघडला. आकडे उतरले! चांगले उतरले हो! आम्ही दोघं त्या दवाखान्याच्या दारात वेड्यासारखे हसत उभे. साडूंचा फोन, "बघ, माझी होमिओपॅथी!" डॉक्टर म्हणाले, "माझ्या गोळ्यांनी उतरले, आता हळूहळू कमी करू. झोप?" म्हटलं, जरा लागते. ती कशामुळे ते मला नका विचारू, छातीवरच्या हातामुळेही असेल. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं, "दारू?" मी छाती फुगवून, "एक थेंब..."

"एकच," बायको म्हणाली. तिला खोटं खपत नाही ना! "मी त्या बाईंना विचारून घेतलंय, डॉक्टर. गोळ्यांच्या अख्ख्या बाटलीत स्पिरिटमधल्या औषधाचा एकच थेंब. रोज सकाळी मीच देते, माझ्या हाताने." डॉक्टर हसले, म्हणाले, तो कधीच उडून जातो, चालेल.

पण दार उघडं होतं हो! आणि बाहेर बाकावर, साखर तपासायला आलेल्या... काकू! त्या उठल्या, बायकोचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी. "धन्य गं बाई तुझी! एका थेंबावर आणलंस त्याला!"

आता काय सांगू? म्हटलं, हो काकू. सुटेल तोही.