वरचं का खालचं

न्हाई ताई, बिघाड न्हाईच त्यात — प्रश्न आहे तो. मशीन चालू केलं की लिनक्स, म्हणजे कंप्युटर चालवणारी सिस्टीम, तुम्हाला विचारतं, सुरुवात नव्या पद्धतीनं करू का जुन्या? आधी काय उठवायचं, प्रिंटर का नेट, हे ठरवणारे दोन प्रोग्राम आहेत, पडद्यावर वर नवा, खाली जुना, त्यातला एक निवडायचा. कुणी? तुम्ही, द्वारकाबाई. बियाण्याचं दुकान तुमचं, मशीन तुमचं, मंग हुकूम दुसऱ्याचा का? अख्ख्या जाफराबादेत दुसरं कुणी विचारतं का तुम्हाला? राधेश्यामशी भांडलो मी ह्याच्यावरून — ह्या कंप्युटरच्या दुकानात भागीदार होता माझा, आता बसस्टँडसमोर दुकान टाकलंय — तो म्हणे, भालचंद्र, गिऱ्हाइकाला पावती फाडायचीये, त्याला परीक्षेला कशाला बसवतो? एकच पुढं ठेव, दुसरं आत राहू दे, ज्याला लागेल तो हुडकून काढील. म्हणलं, तू लोकांना अडाणी समजून राह्यला. — काय? कळत न्हाई त्यातलं? मंग फोन करायचा. करताच की. शटर वर केलं की तुमचा, मंग कापसाच्या जिनिंगवाल्या भागवतचा — भाऊ, वरचं का खालचं? — मी सांगतो, वरचं. रोज वरचंच. हां, सगळ्यांना वरचंच. — बराबर आहे, मंग निवड कुठं राह्यली. राधेश्याम हेच बोलला अन्‌ उठून गेला.

त्याच्याकडची मशीनं जरा थांबून आपोआप पुढं जातात? जाणारच. मुळात तसंच असतं ते. तुमच्या मशीनमधलं ते आपोआप जाणं मी काढून टाकलं — आता बसून राहतं, कुणी बोट लावेपर्यंत. कशापायी म्हणजे? ताई, गिऱ्हाईक सगळं तिकडं गेलं. दुपारी इथं नुसता पंख्याचा आवाज. सकाळी तेवढे फोन येतात. तुम्ही वरचं-खालचं विचारता, मंग चहा झाला का विचारता —

आणा तो कीबोर्ड इकडं. हे बघा, वरचं कायमचं केलं, जुनं आत आहेच. करा बंद. करा चालू. गेलं सरळ? पावतीचा पडदा आला? आला. इतकं जल्दी होतं ते. आता फोन करायचं काम न्हाई. बिलकुल न्हाई.

उचला हा मशीनचा डब्बा, दुकान उघडं टाकून आल्या तुम्ही. अन्‌ हे पाहा — भागवतला सांगू नका एवढ्यात.