बाबांचं ग्रेपफ्रूट

...आणि वर मलाच म्हणतात, उत्कर्षा, तू फार घाई करतेस! आता तुम्हीच सांगा, बापाचं कोलेस्टेरॉल वाढलंय, रिफायनरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, सकाळी फाफडा, संध्याकाळी शेवउसळ आणि मधल्या वेळात सोफा. अशा माणसाच्या मुलीनं शांत बसायचं? मी नाही बसले. मी वाचलं. दोन दिवस नुसतं वाचलं. ग्रेपफ्रूट! पपनसाच्या जातीचं फळ, क जीवनसत्त्व भरपूर, चोथा आहे, साखर बेताची, थोडक्यात पोट भरतं... यात माझं काय चुकलं?

बडोद्याच्या फतेगंजात एका फळवाल्याकडे मिळालं. तो बिचारा सांगत होता, "बेन, आनो कोई घराक नथी," याला गिऱ्हाईकच नाही म्हणून. मी त्यालाच पाच मिनिटं आरोग्यावर ऐकवलं आणि आठवड्याला चार लावून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरी सकाळी सातला बाबांपुढे अर्धं ग्रेपफ्रूट, चमचा, आणि समोर मी. पहिला घास गेला आणि बाबांचा एक डोळा आपोआप मिटला. "छान आहे ने," म्हणाले. आईला दया आली, तिनं वर शेव भुरभुरली, बडोद्यात शेव कशावरही चालते. ती मी चमच्यानं वेचून काढली. बाबांनी एवढंच विचारलं, की माझ्या गोळीबरोबर चालतं ने हे? मी म्हटलं, बाबा, फळ आहे ते, झाडाला लागतं, झाडाला लागलेल्या गोष्टीनं कधी कुणाचं वाईट झालंय? धोतराही झाडालाच लागतो, हे तेव्हा आठवलं नाही.

तीन आठवड्यांत त्यांच्या मांड्या आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. मी खूश! म्हटलं, शरीर स्वच्छ होतंय. असं लिहिलेलं असतं हो सगळीकडे. जिना उतरायचा तर कठडा धरून, संध्याकाळचं फिरणं बंद. आई म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. मी म्हटलं, आणखी एक आठवडा थांब. कशाच्या जोरावर म्हटलं, कुणास ठाऊक. पण हेतू चांगला होता ना? मग माझं काय चुकलं?

शेवटी आईनंच रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी मला विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? आणि... तुम्हाला सांगते, शंभर ग्रॅम ग्रेपफ्रूटमध्ये किती काय असतं ते मला पाठ होतं, बाबांच्या गोळीचं नाव माहीत नव्हतं. एका घरात राहतो आम्ही. ती गोळी रोज त्याच टेबलावर असते.

नाव बाबांनीच सांगितलं, मग ग्रेपफ्रूटचंही सांगितलं, तसे डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, कोलेस्टेरॉलच्या या गोळीबरोबर हे फळ खायचं नसतं, गोळीचा अंमल नको तितका वाढतो, त्यानंच स्नायू दुखत असणार, आजपासून फळ बंद, रक्त तपासून घ्या. आणि मग म्हणाले, "हे खायला सांगितलं कुणी?"

मी भिंतीवरचा स्नायूंचा तक्ता वाचायला लागले. वाचायची सवय ना.

"मीच," बाबा म्हणाले. "वाचलं होतं कुठंतरी."

मग डॉक्टर बोलत राहिले आणि बाबा मान खाली घालून, माझ्या वाटचं, सगळं ऐकत राहिले. शिकलेली माणसं असं करतात, वगैरे. मी शेजारच्या खुर्चीत, पदवीसकट.

रक्त ठीक निघालं, आठ-दहा दिवसांत पाय दुखायचे थांबले. मी विचारलं, इतकं दुखत होतं तर खात का राहिलात? बाबा पेपर खाली न करता म्हणाले, "तू रोज समोर बसायचीस ने."

अजूनही सातला बसते. बाबा चहा पितात, गोळी घेतात, तिचं नाव आता मला येतं. आणि काल, एवढे दिवस एवढं शिकवून झाल्यावर, मी ते फळ पहिल्यांदा स्वतः चाखलं... अहो, हे माणूस खातो कसं? फ्रिजमध्ये अजून चार आहेत. आई म्हणते, टाकायचं नाही.