सुट्टीत फोन करायचा नाही

आमदारांच्या कार्यालयात मी एका दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. पुढे लाँड्रीत काम करणाऱ्या एक बाई होत्या, उजव्या हाताला बँडेज. टेबलामागे आमदारांचे सचिव.

"ताई, साहेब सुट्टीवर गेलेत. अधिवेशन संपलं ना."

"तीन आठवड्यांचं अधिवेशन नऊ दिवसांत कसं संपलं?"

"कामकाज आटोपलं."

"मशीनला जाळी बसवायचा कायदा झाला?"

"तो राहिला. पुढच्या अधिवेशनात, चार महिन्यांनी."

"माझी दोन बोटं इस्त्रीच्या रोलरमध्ये गेली, तेव्हा साहेब दवाखान्यात आले होते. फोटो काढून घेतला, म्हणाले, याच अधिवेशनात कायदा करतो."

"अहो, माणसाला विश्रांती नको?"

"हवी की! पण माझ्या जागी आता माझी जाऊ उभी राहते. त्याच रोलरवर. तिचा हात गेल्यावर कायदा आणणार? वरातीमागून घोडं?"

"साहेब आले की निरोप देतो."

"निरोप नको. आत्ता फोन लावा."

"सुट्टीत फोन करायचा नाही, असं सांगून गेलेत."

"मग मी इथून हलत नाही."

"ताई, रांग खोळंबलीय. मागच्यांचा तरी विचार करा!"

माझ्या मागून एक आजोबा म्हणाले, "आमची काळजी नको. तुम्ही फोन लावा."

"हो, लावा," मीही म्हणालो.

मग कुणीच जागचं हललं नाही. शेवटी सचिवांनी फोन उचलला.

"साहेब, माफ करा... त्या लाँड्रीतल्या ताई आल्यात... नाही साहेब, एकट्या नाहीत."