डाव्या तळव्यावरचं लिंग

धाराशिवच्या एका डायलिसिस सेंटरबाहेर आरोही वडिलांच्या नंबरची वाट बघत होती. शेजारी अणदूरचे लिंगायत गुरुसिद्धप्पा बायकोला, शांताक्काला, पट्टी बांधलेला डावा हात दाखवत होते.

"सुयांसाठी उजवा दिला. डावा लिंगपूजेला राखला. उजव्याची शीर बंद पडली, आता ह्यालाबी भोसकलं. थरथर थांबंना. संपली पूजा."

"गळ्यातलं लिंग काढा, ठेवा तळव्यावर. खालनं म्या हात धरते."

"ठेवलं बघ. चाळीस वर्सं ह्याचं नाव घेतलं. काय दिलं त्यानं?"

"मागायला घेत होता व्हय?"

"लई शानी! मग आज तूच नाव म्हण. म्या ऐकतो."

"ओम नमः..."

"म्हण की फुडं."

"आज तोंडातनं निघंना ओ."

"बरं. न्हाय तर न्हाय. खालचा हात तेवढा काढू नगंस."