चिलटांचं घराणं

शिकलेल्या पोरींचं कौतुक करता ना, मग हे ऐका. वर्ध्याजवळ बोरगावला आमच्या शेजारची वैशाली पीएचडीची चिलटं बाटल्यांत भरून सुट्टीत घरी आली. बाप घामाघूम, चिलटं कूलरसमोर! बाटल्यांत बुरशी दिसली, म्हणून पोरगी बाजारात गेल्यावर मीच त्या लोणच्याच्या बरण्यांसारख्या गच्चीवर उन्हात ठेवल्या.

संध्याकाळी पोरगी रडतच आली. "काकू, सगळी मेली! ती बुरशी मीच लावली होती. कोणत्या घराण्यातली चिलटं तिनं मरतात अन् कोणती जगतात, ते शोधून राह्यली होती. दोन वर्सं वाया गेली!"

चिलटांचं म्हणे घराणं! माझ्या पोरीला पाहायला आलेल्यांनीही एवढी चौकशी केली नव्हती.

"रडू नको," मी म्हटलं. "वर्ध्याच्या उन्हात एकही घराणं जगत नाई, हे म्या एका दुपारी शोधलं. लिहून टाकजो."