विजेत्याची झूल

जनावरांच्या दवाखान्यात एक विद्यार्थिनी मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी बसलेल्या घोडागाडीवाल्या मावशींचे डोळे आतल्या दाराला लागले होते. त्यांची म्हातारी घोडी पोटदुखीने आत आडवी पडली होती. तेवढ्यात शर्यतीच्या तबेल्यातला मोतद्दार हातात झूल घेऊन धापा टाकत आला.

“मावशी, आपला राजा शर्यत जिंकला!”

“जिंकेल नाहीतर काय! दूध कुणाचं प्यायलाय?”

“तुमच्या घोडीचं. ती नसती तर आईपाठोपाठ तोही गेला असता.”

“तिचंही शिंगरू गेलं होतं रे. तरी आधी याला लाथाच मारायची.”

“तिचंच दूध त्याच्या अंगाला चोळलं, तेव्हा कुठे चाटायला लागली.”

“आणि पेपरात नाव छापतात बापाचं नि आजोबाचं!”

“म्हणून तर मालकीणबाईंनी ही झूल त्याच्या पाठीवरून काढून दिली. म्हणाल्या, आईला घाल.”

“ओली आहे की!”

“त्याचा घाम. आलोच घालून.”

थोड्या वेळाने तो आतूनच ओरडला, “मावशी, उठली! पण झूल घालू देईना, नुसती चाटत सुटलीय.”

“घामातलं मीठ चाटतेय ती,” डॉक्टरांचा आवाज आला.

“असेल हो, डॉक्टर. चाटू द्या,” मावशी बाहेरूनच म्हणाल्या.