साळ्यानं घेऊन देल्लेली लेथ

नाही, पण मी म्हणतो, "तोंड उघडू नका" म्हणजे काय हो? अठरा वर्षं ज्यानं मशीनीत हात काळे केले तो माणूस मशीन घ्यायले चालला, अन् त्यालेच सांगायचं, "भाऊजी, तुमी फक्त तोंड उघडू नका!" अन् सांगते कोण? माहा साळा, भगवानराव. अन् हा भगवानराव करते काय? मोताळ्याच्या बाजारात बैलाची दलाली! आता बैलाचा दलाल मले लेथ मशीन घेऊन देणार... हासू नका! तुमाले हासू येऊन राह्यलं, इकडं माहा जीव जळून राह्यला!

तुमाले सांगतो, मी कारभारी मिस्त्री, देऊळघाटचा. आजूबाजूच्या धा गावात कोणाच्या बी विहिरीवरचं इंजन बंद पडलं का पहिलं बलावणं मले. आता महाराष्ट्र झाला, शेर जाऊन किलो आले, मोटा गेल्या अन् इंजनं आले, दिवसभर फटफट फटफट... पण इंजनचा शाफ्ट झिजला का माही बोंब! कारण शाफ्ट कापायले पाहिजे लेथ, आपली खराद हो, लोखंड गरगर फिरते अन् हत्यार त्याले सोलत जाते, तेच. ते खामगावले. मंग डोक्यावर शाफ्ट घेऊन मी खामगावले, अन् कारखानदाराच्या ओट्यावर दोन-दोन दिवस बसून. "मालक, तेवढं माहं काम?" तर मालक वर न पाहता म्हणे, "ठेव तिकडं. होईन तवा होईन." होईन तवा होईन! इकडं वावरात मिरची वाळून राह्यली, तो शेतकरी मले शिव्या देऊन राह्यला, अन् मी ओट्यावर माश्या मारून राह्यलो. तवाच मनाशी ठरवलं, आपली स्वतःची लेथ पाहिजे. जुनी असो, पुरानी असो, म्हशीच्या गोठ्यात ठेवीन, पण माही राहीन! सहा वर्षं पोटाले चिमटा घेतला, चहा सोडला, बिडी सोडली, तवा कुठं पाचशे रुपये जमले. त्यातले तीनशे मशीनीले अन् दोनशे गोठ्यावर टीन टाकायले, असा माहा हिशेब पक्का.

अन् नेमकी खबर आली! मोताळ्याले जानराव म्हणून म्हातारे फिटर होते, कापसाच्या जिनिंगमधी उमर गेलेले. ती जिनिंग बंद पडली तवा तिथली एक लहान लेथ त्यायनं घरी आणून ठेवली होती, अन् आता ते विकून राह्यले. आता मी काय करायले पाहिजे होतं? चुपचाप एसटीत बसून जायले पाहिजे होतं. मी काय केलं? बायकोले सांगितलं!

कोकिळा म्हणे, "भगवानदादाले संग न्या. त्याले भाव करता येते. तुमाले तर कोणी बी टोपी घालते."

म्हटलं, "अवं, तो बैलाचा दलाल, त्याले मशीनीतलं काय कळते?"

"घेणं ते घेणंच," म्हणे. "बैल काय अन् मशीन काय! माह्या भावाचं तुमाले कधी चांगलं दिसलंच नाही."

आता यावर नवऱ्यानं काय बोलावं? तुमच्यात कोणाले सुचलं असन तर सांगा बावा, मी आपला साळ्याले निरोप धाडला.

मोताळ्याच्या स्टँडवर भगवानराव उभाच. लाल फेटा, खांद्यावर उपरणं, तोंडात पान. रस्त्यानं मले शिकवणी सुरू. "भाऊजी, आवडली असं दिसू द्यायचं नाही. जवळ जायचं नाही. हात लावायचा नाही. चेहरा कसा पाहिजे? मयतीले आल्यावानी. अन् मुख्य म्हणजे, तोंड उघडू नका. तुमी 'वा' म्हटलं का शंभरानं भाव चढला समजा!"

बरं बावा. गेलो. जानरावनं मशीनीवरचं पोतं काढलं, अन् तुमाले खरं सांगतो, माह्या डोळ्यात पाणीच आलं! अशी मशीन! जुनी, पण तेल पाजून पाजून अशी ठेवलेली का तिच्यात तोंड पाहून घ्या. बेडवर एक ओरखडा नाही. माह्या तोंडापर्यंत 'वा' आला होता, तर भगवानरावनं असा चिमटा काढला कंबरेले... मी आपला मयतीले आल्यावानी उभा.

अन् यानं काय सुरू केलं? मशीनीभोवती चक्कर मारली. वाकून पाय पाह्यले. "पाय जरा फेंगडे दिसते." लेथचे पाय! लोखंडाचे! मंग ठोकून पाह्यलं. "पाठ बसकी हाय." मंग दात्याच्या चाकांवरचं झाकण उघडलं अन् दात मोजायले लागला! बैलाची उमर दातावरून कळते, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आठ दातावर बैल जुळला, म्हणजे पुरा वयात आला. हा आपला बोट ठेवून मोजते, सात, आठ, नऊ, धा... पंधराच्या पुढं गेल्यावर त्याचाच चेहरा उतरला. तरी दलाल तो दलाल. मान हालवून म्हणते, "जनावर म्हातारं हाय!" जानराव बिचारे माह्याकडं पाहून राह्यले, का बावा, हे काय चाललं? अन् मी? मी मुका! एक मिस्त्री दुसऱ्या मिस्त्रीसमोर मुका उभा! शरमेनं मान खाली गेली माही.

अन् मान खाली गेली म्हणूनच मले दिसलं. जानरावच्या उजव्या हाताले करंगळीच नव्हती. मुळापासून साफ! जिनिंगच्या मशीनीनं कधीची खाल्लेली. आता आमच्या धंद्यात याचं काही नवल नाही, आमी माणसाचं तोंड नंतर पाहतो, बोटं पहिले मोजतो. पण माही नजर एकदम भगवानरावच्या उपरण्यावर गेली. काऊन? अहो, बैलाचा सौदा तोंडानं होत नाही! उपरण्याखाली होते. दलाल उपरण्याखाली इकणाऱ्याचा हात धरते. एक बोट दाबलं, शंभर. दोन दाबले, दोनशे. अन् सगळा पंजा धरला का पाचशे. आजूबाजूच्याले पत्ता नाही लागला पाहिजे, अन् दलालानं हाताकडं तर पाहायचंच नाही, वर आभाळात पाहायचं, जसं काही आपलं तिथं कामच नाही. अन् भगवानरावनं खांद्यावरचं उपरणं काढलं!

मी हळूच त्याच्या कानात म्हटलं, "भगवानराव, ऐक, त्यायचं बोट..."

"तोंड उघडू नका, भाऊजी!"

तेवढ्यात जानरावची बायको भिमाबाई चहा घेऊन आल्या. चांगली बाई, पण मले म्हणते कशी, एवढ्या मोठ्यानं, हात हालवून हालवून, "च-हा! गो-ड! घे-ता?" मले वाटलं बाईले कमी ऐकू येत असन. मी आपली मान हालवली. तिनं पदरानं डोळे पुसले अन् जानरावले आत बलावून काही सांगितलं. मले समजलंच नाही काऊन!

जानराव बाहेर आले, अन् उपरण्याखाली हात गेले. भगवानराव आभाळात पाहून राह्यला. मी मागून परत त्याच्या कानात म्हटलं, "अरे बावा, करंगळी..." तर त्यानं आभाळातूनच डोळे वटारले. तोंड उघडू नका! जानराव जरासे थांबले, चकित झाल्यावानी दिसले, मंग म्हणे, "बरं. देल्ली." झाला सौदा! टाळी पडली!

भगवानराव छाती फुगवून मले म्हणते, "काढा चारशे!"

जानराव म्हणे, "चारशे कसे? पाचशे."

"मी मोजून चार बोटं धरले!"

"मले हायेतच चार," जानराव म्हणे. "सगळा हात तुमच्या मुठीत होता. पंजा म्हणजे पाचशे. मीच चकित झालो का हा माणूस एकदम पाचशावर कसा गेला!"

मंग जे झालं! भगवानराव म्हणे चार, जानराव म्हणे पाच. आजूबाजूचे धावून आले. त्यात बाजारातले जुने दलाल शेषराव होते, त्यायले पंच केलं. शेषरावनं तंबाखू मळली, थुकले, सौदा कसा झाला ते इचारलं, मंग जानरावचा हात हातात घेऊन उलटा-पालटा केला अन् म्हणे, "बोटं किती धरले ते दलालाचं दलालालेच ठाऊक. पण हात पुरा धरला का नाही? धरला. पुऱ्या हाताचे पाचशे. ही रीत हाय."

तवा मात्र माहा बांध फुटला! म्हटलं, "अरे, पण मी सांगून राह्यलो होतो ना! दोनदा सांगितलं त्यायले करंगळी नाही! हा लेकाचा मले बोलूच देत नाही! अठरा वर्षं मशीनीवर काढली मी, अन् हा बैलाचे दात मोजणारा मले चूप बसवते!"

भिमाबाईच्या हातातली कपबशी खाली पडली. "अवं माय! हे बोलते?"

अहो, त्यायले वाटलं होतं मी मुका हाय! पुरं सकाळपासून! जानराव कपाळाले हात लावून म्हणे, "मिस्त्री, तुमी मुके नाही? अहो, माही बायको मघा मले आत बोलावून म्हणे, बिचारा मुका माणूस, मशीनीकडं पाहून त्याचे डोळे भरून आले, त्याले तीनशेतच देऊन टाका. मी तीनशेच सांगणार होतो. पण तुमच्या माणसानं पहिलेच पाचशे धरले, मंग मी काय करू?"

तीनशे! माहा पक्का हिशेब! मी जानरावचे हात धरले, म्हटलं, "मंग आता सांगा ना!"

अन् तो देवमाणूस म्हणे, "घेऊन जा. तीनशे द्या. तुमी मशीन वळखणारे माणूस, माही मशीन चांगल्या घरी पडली."

आता झालं ना सगळं? मिटलं ना? इकणारा राजी, घेणारा राजी! तर भगवानराव मधी! म्हणते, "नाही! जमणार नाही!"

म्हटलं, "काऊन बे?"

"पंचानं पाचशे सांगितले. हातावर झालेला सौदा मोडला तर उद्या बाजारात माहा हात कोण धरीन? तीस वर्षांत भगवानरावचा सौदा मोडला नाही. पाचशेच घ्यायचे, जानराव!"

ऐकलं? माहा दलाल! माह्या बाजूचा! इकणारा दोनशे सोडून राह्यला, अन् घेणाऱ्याचा दलाल त्याले सोडू देत नाही! जानराव म्हणे राहू द्या, हा म्हणे घ्याच! जानरावनं दोनदा हात मागं घेतला, यानं दोनदा त्यायचा खिसा उघडून धरला. शेषराव मान हालवून म्हणे, "असा दलाल आता राह्यला नाही!" अन् माह्या कंबरेचे पाचशे गेले, टीन बी गेलं, वरून कोकिळा घरी म्हणते, "पाह्यलं? बाजारात माह्या भावाची केवढी इज्जत!"

मशीन आली. बैलगाडीत घाट चढवता चढवता दोन जोड्या बदलल्या, पण आली. अन् चालते बावा, खरंच, लोण्यावानी कापते. पहिला शाफ्ट कापला त्या दिवशी मी दिवसभर गोठ्यातून बाहेर आलोच नाही. आता खामगावच्या ओट्यावर बसणं बंद! टीन नाही म्हणून पाऊस आला का मशीनीवर गोधडी टाकतो अन् मी स्वतः भिजतो, पण माही हाय ती! तिथं मी राजा!

पण मनाशी पक्कं ठरवलं, आता दलाल नाही. शाफ्टले भोक पाडायची जुनी ड्रिल मशीन बी जानरावकडं पडली होती, मले माहीत होतं. वरीसभर परत पैसे जोडले. कोकिळाले सांगितलं नाही. गाडी जोडली अन् एकटाच मोताळ्याले. उपरणं नाही, आभाळात पाहणं नाही, दारातूनच मोठ्यानं म्हटलं, "जानराव, ड्रिल मशीन घ्यायले आलो!"

जानराव हासले. म्हणे, "या, या, मिस्त्री. तुमचीच वाट पाहून राह्यलो. मशीन बांधून तयार हाय. काल बाजारच्या दिवशी तुमचे साळे आले होते ना, बहिणीनं तुमच्या मनातलं वळखलं म्हणे, तुमच्यासाठी सौदा करून गेले. हातावर."

अन् केवढ्यात झाला ते दाखवायले म्हाताऱ्यानं तोच चार बोटांचा हात वर केला.

मी म्हटलं, "राहू द्या, जानराव. हात खाली करा. गाडी कुठं लावू तेवढं सांगा."